तिसरीपासून फ्रेंच : घाई कशाची?

जून उजाडला की मंडळाच्या कार्यालयात शाळेविषयीचे प्रश्न घेऊन पालक येतात. पूर्वी प्रश्न ठरलेला असे, "मुलाला कोणत्या माध्यमात घालावे?" तो आता जवळपास मिटला आहे. बहुतेक घरांनी इंग्रजी माध्यम स्वीकारले आहे. यंदाचा प्रश्न वेगळा आहे. "शाळेत तिसरीपासून फ्रेंच आहे. घ्यावे का? आणि घेतले तर रविवारचा मराठी वर्ग सोडला तर चालेल ना?"

प्रश्नाचा दुसरा भाग आम्हाला लागला, हे कबूल करतो. पण आम्ही वाईट वाटून घेतल्याने पालकांना उत्तर मिळत नाही. लहान वयात फ्रेंच शिकवण्याचा अनुभव जगात काय आहे आणि आपल्या बडोद्यात त्याचा अर्थ काय, याचा शांतपणे विचार करू.

नियम काय म्हणतो?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्रिभाषा सूत्र कायम ठेवले. तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात, ही त्याची अट. फ्रेंच, जर्मन, जपानी अशा परदेशी भाषांचा उल्लेख त्यात माध्यमिक टप्प्यावर येतो. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून आहे. त्याच वर्षी गुजरात विधानसभेने कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सक्तीची केली. कोणत्या वयात किती भाषा, हा वाद किती पेटतो हे महाराष्ट्रानेही पाहिले. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा एप्रिल २०२५ चा निर्णय तिथल्या सरकारला जूनअखेर मागे घ्यावा लागला.

आपल्या मुलांपुरते बोलायचे, तर इंग्रजी, गुजराती आणि हिंदी मिळून तीन भाषा आधीच झाल्या. फ्रेंच येते ते चौथी भाषा म्हणून, वेळापत्रकात उरलेल्या जागेत. बहुधा आठवड्याला एखादी तासिका. खरा मुद्दा इथेच आहे.

दोन देश, दोन अनुभव

इंग्लंडने हा प्रयोग साठ वर्षांपूर्वी करून पाहिला. १९६४ पासून निवडक प्राथमिक शाळांत आठव्या वर्षी फ्रेंच सुरू करण्यात आले. क्लेअर बर्स्टॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे या मुलांच्या प्रगतीचा माग ठेवला आणि १९७४ मध्ये अहवाल दिला. आठव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले यांची सोळाव्या वर्षी तुलना केली, तेव्हा लवकर सुरुवात केलेल्यांची आघाडी फक्त ऐकून समजण्यात उरली होती. बाकी सगळ्यात उशिरा आलेल्यांनी त्यांना गाठले होते. त्यानंतर तिथे प्राथमिक फ्रेंचचा जोर ओसरला. सात ते अकरा वयोगटाला एक परभाषा सक्तीची व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

कॅनडाचा अनुभव उलटा आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात १९६५ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीच आग्रह धरून एक वर्ग सुरू करून घेतला. बालवर्गापासून शाळेचा जवळजवळ सगळा दिवस फ्रेंचमध्ये आणि इंग्रजी वाचन दुसरीपासून. मुले फ्रेंच चांगले शिकली आणि त्यांचे इंग्रजीही मागे पडले नाही.

मुले दोन्हीकडे लहानच होती. फरक होता तासांचा. एकीकडे आठवड्यातला थोडा वेळ, दुसरीकडे सगळा दिवस. पुढे बार्सिलोनात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासातही हेच दिसले. शाळेत तेवढेच तास मिळाले, तर उशिरा सुरू करणारी मुले वेगाने शिकतात. लहान मूल भाषा टिपते ती सतत कानावर पडल्यामुळे. आठवड्यातून एकदा पडणाऱ्या शिंतोड्याने जमीन भिजत नाही.

आता हिशेब करून पाहा. चाळीस मिनिटांची एक तासिका, वर्षाचे पस्तीस आठवडे, म्हणजे जेमतेम तेवीस तास. तिसरी ते पाचवी मिळून सत्तर. फ्रेंचची अगदी पहिली पायरी चढायला प्रौढ विद्यार्थ्याला साधारण शंभर तास लागतात. म्हणजे तीन वर्षांनी मुलाला रंगांची नावे, वीसपर्यंत आकडे आणि दोन गाणी येतील. त्यात वाईट काही नाही. पण "आत्ता घेतले नाही तर मुलगा कायमचा मागे पडेल" ही भीती मात्र निराधार आहे.

आपल्या शहराला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. कवळाण्याचा शेतकरी कुटुंबातला मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यानंतर मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचे शिक्षण त्याला रोज, नेमाने, उत्तम शिक्षकांकडून मिळाले. त्याच सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. राजाला मिळालेली शिकवणी सर्वांना मिळत नाही, हे खरे. पण भाषा पक्की होते ती नेमाने आणि तासांनी, हे त्यातून दिसते.

आता आपल्याकडे बघू

इथवरचे सगळे वाचून "बघा, फ्रेंच नकोच" असे म्हणणे आम्हाला सोपे होते. पण हाच हिशेब आपल्या रविवारच्या वर्गाला लावला, तर आम्हालाच खाली मान घालावी लागते. आठवड्याला एक तास, सुट्ट्या आणि सणवार वजा जाता वर्षाला तीसेक तास. दर जूनमध्ये नवी मुले येतात म्हणून सगळ्यांनाच पुन्हा बाराखडी. तीन वर्षे वर्गाला आलेले मूल चौथ्या वर्षीही "कमळ" हाच शब्द गिरवते. मग पालकांना वर्ग सोडावासा वाटला, तर दोष फ्रेंचचा कसा?

वास्तविक आपल्या मुलांना लिपी शिकवण्यात वर्ष घालवायची गरज नाही. हिंदीमुळे देवनागरी येतेच. "ळ" गुजरातीतही आहे. मराठीसारखी तीन लिंगे गुजरातीतही आहेत. एवढे भांडवल फ्रेंच शिकणाऱ्या मुलाजवळ नसते. त्यातून मराठीचे मोठे बळ म्हणजे घर. रोज जेवताना अर्धा तास मराठीत बोलणे झाले, तरी वर्षाला एकशे ऐंशी तास होतात. ते कोणत्याही शाळेला देता येणार नाहीत, आणि मंडळालाही नाहीत.

सेंट लँबर्टच्या मुलांचे इंग्रजी टिकले, कारण घरी, रस्त्यावर, दुकानात तीच भाषा होती. आपल्या मुलांना शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, पडद्यावर हिंदी. मराठीला घराखेरीज दुसरी जागा उरलेली नाही. ती जागा गेली, तर फ्रेंच सोडून काही ती परत मिळणार नाही.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे. मुलाला आवड असेल, तर फ्रेंच जरूर घ्या. घेण्यापूर्वी शाळेला चार गोष्टी विचारा. आठवड्याला किती तासिका? शिकवणाऱ्यांना स्वतःला फ्रेंच कितपत बोलता येते? सहावीत तीच भाषा पुढे चालणार, की पुन्हा पहिल्या धड्यापासून? आणि त्यासाठी कोणत्या विषयाचा वेळ काढला आहे? उत्तरे समाधानकारक नसतील, तर सहावीपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

आणि मंडळाने स्वतःसाठी ठरवले आहे ते असे. यंदापासून रविवारच्या वर्गाचे दोन गट होतील. एक नव्या मुलांचा, दुसरा वाचता येणाऱ्यांचा. दुसऱ्या गटात बाराखडी नसेल. मुले गोष्टीची पुस्तके घरी नेतील आणि पुढच्या रविवारी आपल्या शब्दांत सांगतील. महिन्यातून एकदा महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांना, आत्या-मावशीला पत्र लिहितील. वर्षअखेरीस मूल कुठवर आले, हे पालकांसमोर मांडू. जमले नाही, तर तेही सांगू.

जेवतानाचा अर्धा तास मात्र तुमच्याकडे. त्याची हजेरी आम्हाला घेता येणार नाही.