ऑपरेशनआधी कानावर गाणे का नको?

ऑपरेशनच्या सकाळी पेशंट उपाशीपोटी बाकावर बसलेला असतो. हात गार, छातीत धडधड. बी.पी. वाढले की ऑपरेशन पुढे ढकलले जाते. मग पिंपळनेर ते धुळे भाडे आणि बुडालेली मजुरी घरच्यांच्या माथी. आम्ही परिचारिकांनी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे.

या भीतीवर जवळपास बिनखर्चाचा एक आधार आहे, संगीत. २०१३ साली कोक्रेनने २६ चाचण्यांचा, २०५१ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ऑपरेशनआधी संगीत ऐकल्याने भीती कमी होऊ शकते, नाडीही थोडी उतरते, असे त्यात आढळले. वरचे बी.पी. मात्र उतरल्याचे दिसले नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली बी.पी.ची गोळी चुकवू नका.

गाणे पेशंटच्या आवडीचे असावे. कुणाला वामनदादा कर्डकांची भीमगीते, कुणाला अहिराणी गाणी, कुणाला जुने सिनेसंगीत. सिस्टरला विचारून मोबाईलवर मंद आवाजात लावा. एक कान मोकळा ठेवा, म्हणजे हाक ऐकू येईल.

पण गाणे लावले म्हणजे दवाखान्याची जबाबदारी संपली, असे आम्ही मानत नाही. अर्धी भीती न समजल्याने असते. काय कापणार, भूल कशी देणार, किती वेळ लागणार, हे आपल्या भाषेत समजल्याशिवाय सही करू नका. विचारणे हा आपला हक्क आहे. दोन-चार हेडफोनची मागणीही रुग्ण कल्याण समितीकडे लेखी करू या. आधी उत्तर, मग गाणे!