खरेदीखत नसलेली खरेदी

वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिरालगतच्या तळ्याकाठी मोबाइलवरील खेळांत गढलेली मुले पाहताना मनात येते की, ज्या कोकणात बांधावरच्या एका फणसापायी पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी दाव्यांत खर्ची पडतात आणि सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत कोणाचा जीव स्वस्थ होत नाही, त्याच कोकणातील नवी पिढी, जिचे खरेदीखत नाही की फेरफार नाही, अशी वस्तू रोख पैसे मोजून निःशंकपणे घेते. युबिसॉफ्टने 2014 साली विक्रीस आणलेला ‘द क्रू’ हा खेळ 31 मार्च 2024 रोजी कायमचा बंद केला, तेव्हा पुरते मोल दिलेल्यांना उमगले की आपण मालक नव्हतो, मर्जीवर राहणारी कुळे होतो. आणि कुळांना निदान कूळकायदा तरी होता! आपल्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ पुरवण्यास मनाई केली, हे इष्टच. परंतु आत काय निघेल हे गुलदस्त्यात ठेवून खेळांत विकल्या जाणाऱ्या ज्या पेट्यांपैकी काहींना बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्येच जुगारात जमा धरले, त्यांचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. खेळ किती वर्षे चालेल याची लेखी हमी विक्रीपूर्वीच मागणे, ही ग्राहकाची आगळीक खचितच नव्हे.