आधी ढाळ, मग खुर्च्या

नवीन हॉटेलांविषयी मराठीत जे लिहून येतं, त्याचा साचा आता पाठ झालाय. आयटीतला पगार, मनाची घुसमट, आजीच्या हातची आमटी, राजीनामा, आणि मग एका रविवारी फुटलेला नारळ. फोटोत विटांची उघडी भिंत, पितळी दिवे आणि मोडीच्या वळणाने लिहिलेलं मेन्यूकार्ड. लिहिणारा जेवून येतो, 'पॅशन' हा शब्द तीनदा वापरतो आणि मालकाच्या धाडसाला सलाम ठोकतो. या लेखांत मोरी नसते. धुराडं नसतं. भांडी घासणारी बाई कुठे उभी राहते आणि तिला लघवीला जायचं तर ती कुठे जाते, हा प्रश्नही नसतो.

मीही आयटीतलाच. वय अठ्ठावीस, इंजिनिअरिंगची पदवी, आणि राजीनामा वगैरे काही दिलेला नाही. पण आतेभावाने पुण्यात हॉटेल काढलं तेव्हा मी त्यात थोडे पैसे आणि सात महिन्यांचे सगळे शनिवार-रविवार घातले. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादा सतराव्या वर्षी एका हॉटेलात भांडी घासायला लागला, मग कांदा-मसाल्यावर गेला, मग तव्यावर, आणि शेवटची सहा वर्षं तो वस्ताद होता. त्याच्यासोबत गवंडी, प्लंबर, वायरमन आणि फॅब्रिकेटर यांच्यामागे फिरताना जे दिसलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. आपल्याकडे छोटं, स्वतंत्र हॉटेल दर्शनी बाजूने मागे बांधत नेतात, आणि शेवटी जी जागा उरेल तिच्यात किचन कोंबतात. धंदा म्हणून हे बिनडोक आहे, आणि माणुसकी म्हणून लाज वाटावी असं आहे.

आमचा गाळा आठशे चौरस फुटांचा. इंटिरिअरवाल्याने पहिला नकाशा आणला त्यात चव्वेचाळीस खुर्च्या होत्या, एक 'सेल्फी वॉल' होती, आणि मागच्या कोपऱ्यात एकशे तीस चौरस फुटांचा रिकामा चौकोन होता. त्यावर 'किचन' एवढंच लिहिलेलं. शेगडी कुठे, मोरी कुठे, फ्रीज कुठे, काही नाही. दादाने विचारलं, "यात माणसं कुठं उभी राहणार?" उत्तर आलं, "किचनचं नंतर बघू."

हे वाक्य पुढे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं की ते या धंद्याचं ब्रीदवाक्य आहे असंच मला वाटू लागलं. इंटिरिअरवाला म्हणतो, गाळामालक म्हणतो, पैसे घालणारे नातेवाईक म्हणतात. अडचण अशी की किचनचं नंतर बघता येतच नाही. दिवा बदलता येतो, खुर्ची बदलता येते, भिंतीचा रंग एका रात्रीत बदलतो. जमिनीचा ढाळ बदलायचा तर फरशी फोडावी लागते.

ढाळाचंच घ्या. किचनची जमीन दिवसातून तीन-चार वेळा धुतली जाते, आणि ते पाणी आपसूक जाळीकडे गेलं पाहिजे. त्यासाठी शंभराला एक एवढा उतार धरला, तर पंधरा फुटांच्या लांबीत जवळजवळ पावणेदोन इंचांचा फरक येतो. हे कोबा करतानाच ठरतं. आमच्या ठेकेदाराने लादी सपाट बसवली आणि वर "वायपर मारला की झालं" असं सांगितलं. दादाने बादलीभर पाणी ओतलं. ते जाळीकडे न जाता सरळ कोठीच्या दाराशी जाऊन थांबलं, पिठाची पोती ठेवायची होती तिथे. दोन दिवस वाद घालून ती लादी आम्ही उखडायला लावली. 'वायपर मारला की झालं' या वाक्याचा खरा अर्थ समजून घ्या: ठेकेदाराचे दोन दिवस वाचावेत म्हणून कुणीतरी पोऱ्या पुढची दहा वर्षं रोज रात्री बारा वाजता, ओल्या पायांनी, कमरेत वाकून पाणी ढकलत राहणार.

हवेची गोष्ट याहून वाईट. शेगडीवर हुड आणि त्याला पंखा लावला की काम झालं, असं सगळे धरून चालतात. पण जितकी हवा बाहेर फेकायची तितकी आत यायला वाट पाहिजे. ती नसेल तर पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, विजेचं बिल वाढवतो, आणि धूर जिथल्या तिथे. मी चाचणीच्या दिवशी एक साधा थर्मामीटर घेऊन तव्यापाशी उभा राहिलो. ताज्या हवेचा डक्ट बंद ठेवल्यावर आणि चालू केल्यावर सात अंशांचा फरक पडला. वस्ताद तिथे दिवसाचे दहा-अकरा तास असतो. हा डक्ट आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात नव्हता, सेल्फी वॉल मात्र होती.

मग गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो. त्यामुळे गळती ओळखणारं यंत्र जमिनीजवळ बसवायचं असतं. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, त्याचं यंत्र वर. आमच्याकडे एकोणीस किलोचे व्यावसायिक सिलिंडर, तरीही बसवणाऱ्या माणसाने यंत्र छताजवळ ठोकलं, कारण खाली ठोकलं तर "धुताना पाणी लागतं". गॅस संपूर्ण खोलीत भरून छतापर्यंत पोहोचला असता तेव्हा यंत्र वाजलं असतं. भोकं पाडून झाली होती, पण आम्ही ते खाली घ्यायला लावलं आणि त्यावर पत्र्याची टोपी बसवली. तिचा खर्च एका हाफ थाळीपेक्षाही कमी.

इथे कुणी म्हणेल, कायदे आहेत ना. आहेत. अन्न सुरक्षेचा २००६चा कायदा आहे आणि त्याखालच्या २०११च्या नियमांत स्वच्छता, निचरा, हवा यांबद्दल लिहिलेलं आहे. पण तो कायदा मुळात ताटातल्या अन्नाची काळजी करतो. ते शिजवणाऱ्याचं काय? १९४८च्या कारखाने कायद्यात हवा खेळती असावी, तापमान सुसह्य असावं यासाठी स्वतंत्र कलम होतं. त्याच कायद्याच्या व्याख्येत मात्र कारखाना म्हणजे काय नव्हे, याचीही यादी होती, आणि तिच्यात हॉटेल, उपाहारगृह, खाण्याची जागा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या संहितेतही कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल वगळलेलंच आहे. म्हणजे बिस्किटाच्या कारखान्यातली भट्टी ही औद्योगिक उष्णता, आणि गल्लीतल्या हॉटेलातला तंदूर हा जणू घरगुती जिव्हाळा.

या जिव्हाळ्यात माणसं मरतात. डिसेंबर २०१६मध्ये पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला पहाटे आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले, दाराला बाहेरून कुलूप होतं. १८ डिसेंबर २०१७ला मुंबईत साकीनाक्याला फरसाणाच्या दुकानात आग लागून बारा कामगार गेले. त्यानंतर अकराच दिवसांनी, त्याच शहरात, कमला मिलमधली आग लागली आणि चौदा जण गेले. यातली कोणती आग तुम्हाला आठवते? मला विचाराल तर हे लिहायला घेईपर्यंत कमला मिलच आठवत होती. तिथे गेलेल्यांत बहुतेक जण जेवायला, वाढदिवसाला आलेले होते, तुमच्याआमच्यासारखे. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री गोव्यात हडफड्याला नाइटक्लबात पंचवीस जण गेले, त्यांतले बहुसंख्य तिथे काम करणारे होते. दुसऱ्या दिवसापासून पर्यटनाचं काय होणार यावर चर्चा सुरू झाली.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. पहिला, भाडं. "चौरस फुटाला इतके मोजतो, प्रत्येक खुर्ची कमावते, किचन कमवत नाही." हा हिशोब मी एक्सेलमध्ये मांडलेला पाहिलाय आणि तो चुकीचा आहे. चव्वेचाळीस खुर्च्या भरल्या, माणूस तासभर बसला आणि त्याने आचेवरचे सरासरी दीड पदार्थ मागवले, तर तासाला सहासष्ट प्लेटा निघायला हव्यात. एकशे तीस चौरस फुटांत तीन शेगड्या बसत होत्या. कढई धुण्यासकट एका फेरीला आठ-साडेआठ मिनिटं धरली, तर तासाला सात फेऱ्या. एका फेरीत दोन प्लेटा काढल्या तरी तिन्ही शेगड्या मिळून बेचाळीस. म्हणजे किचन अठ्ठावीस खुर्च्यांचंच. उरलेल्या सोळा खुर्च्यांवर माणसं बसणार ती वाट बघायला, आणि घरी जाऊन 'सर्व्हिस स्लो' असं लिहायला. आम्ही किचन दोनशे तीस फुटांचं केलं, पाच शेगड्या लावल्या आणि खुर्च्या बत्तीसवर आणल्या. सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरची क्षमता न बघता कुणी लॉगिनचं पान सजवत बसला तर आम्ही त्याला हसतो. हॉटेलात त्यालाच 'कन्सेप्ट' म्हणतात.

दुसरा मुद्दा, भांडवल नाही. हा खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. नोव्हेंबर २०१७पासून साध्या हॉटेलाला जीएसटी पाच टक्के आहे, पण खरेदीवर भरलेला कर वळता करता येत नाही. हुड, फ्रीज, डक्ट, जे घ्याल त्यावरचा कर खिशातूनच गेला. पण हीच ओढाताण पितळी दिव्यांच्या वेळी कुणाला आठवत नाही. आमचा हवेचा सगळा खर्च पावणेतीन लाख झाला. दर्शनी सजावटीचा पहिला अंदाज साडेनऊ लाखांचा होता. पैसे नव्हते असं कसं म्हणणार? पैसे होते, ते कुठल्या भिंतीला लावायचे हा प्रश्न होता.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त ऐकवला गेला. "गाड्यावर कुठं असतो हुड? तिथं तर झकास वडा मिळतो." गाड्यावर वर आकाश असतं, साहेब. त्याहून मोठं धुराडं कुणी बनवलेलं नाही. गाडेवाल्याला बंद गाळ्यात ढकलायचं आणि वर त्याचं उदाहरण द्यायचं, हे चालणार नाही.

खरं तर ही खोड हॉटेलवाल्यांनी आपल्याच घरातून उचलली आहे. आपल्या फ्लॅटमध्ये उजेडाची, मोठ्या खिडकीची खोली म्हणजे हॉल, तिथे पाहुणे महिन्यातून दोनदा येतात. जिथे आई रोज पाच तास उभी राहते ती खोली मागच्या डक्टकडे तोंड करून. त्याच धुरातल्या आजीच्या चवीवर आपण गहिवरून लेख लिहितो आणि तिच्या खोकल्याचा त्यात उल्लेख नसतो.

दादाने मोरीचं सिंक बनवून घेतलं तेव्हा फॅब्रिकेटर नेहमीच्या मापाचं आणून टाकत होता. दादा म्हणाला, थांब, आधी मावशींची उंची माप. मावशी म्हणाल्या, "माझी उंची कशाला? गणवेश शिवताय काय?" शेवटी सिंकचे पाय चार इंचांनी वाढवले. वेल्डिंगचा खर्च सातशे रुपये. त्या आता पातेलं घासताना सरळ उभ्या असतात. यात दादाने थोर काही केलं असं नाही. त्याने स्वतः नऊ महिने ठेंगण्या सिंकवर भांडी घासली होती, एवढाच फरक. पण म्हणजे हे कळायला प्रत्येक मालकाने आधी कंबर मोडून घ्यायची का?

तेव्हा हॉटेल काढायला निघालेल्या माझ्या आयटीतल्या मित्रांनो, राजीनामा द्या नाहीतर देऊ नका, त्याचं मला काही नाही. पण क्रम पाळा. गाळा घेण्याआधी धुराडं गच्चीपर्यंत नेता येईल का, ते सोसायटीकडून लेखी घ्या. किचनला दुसरं दार आहे का, ते आतून उघडतं का, ते बघा. सिलिंडर उघड्या हवेत ठेवता येतील का, ते बघा. काम करणाऱ्यांसाठी संडास कुठे, ते नकाशावर दाखवा. पोटमाळ्यावर माणसं झोपवणार असाल तर हॉटेल काढू नका. ढाळ बादलीने तपासा. एवढं करून जितकी जागा उरेल तितक्या खुर्च्या मांडा.

आणि हॉटेलांवर लिहिणाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी रश्श्याची तर्री वर्णन करून झाली की मालकाला म्हणा, जरा आत येऊ का. तो 'हो' म्हणाला तर पाच मिनिटं शेगडीपाशी उभे राहा, फोटो न काढता. 'नको' म्हणाला तर तेवढंच छापा.