चार भिंती नव्हे, मंडळी

रविवारी सकाळी कॅम्पातल्या चर्चची घंटा ऐकली की अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो. देव सर्वत्र आहे, तर प्रार्थनेसाठी सगळ्यांनी ठरल्या वेळी एकत्र का जमायचे? घरच्या घरी हात जोडले तर चालत नाही का?

चालते. दार लावून एकांतात प्रार्थना करा, असे खुद्द येशूनेच सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. पण त्याच अध्यायात त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत देव 'माझा' नव्हे, 'आमचा' पिता आहे. भाकर मागायची तीही सगळ्यांसाठी. म्हणजे एकटा बसलेला माणूससुद्धा इतरांना सोबत घेऊनच देवाशी बोलतो.

आपल्या दोन्ही भाषांत याची खूण सापडते. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे नागरिकांची सभा. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'मंडळी' हा शब्द आहे, कन्नडमध्ये 'सभे'. दोन्ही शब्द माणसांचे आहेत, इमारतीचे नाहीत. सुरुवातीच्या काळात ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरीच जमत.

मात्र नुसते जमले म्हणजे उपासना झाली, असे नाही. इ.स. ५५च्या सुमारास संत पौलाने ग्रीसमधील करिंथ शहरातल्या मंडळीला एक पत्र लिहिले. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून तिथले लोक एकत्र जेवत. पण ज्यांच्याकडे होते ते आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने स्पष्ट बजावले, की याला प्रभुभोजन म्हणताच येणार नाही. विधी पार पडला, तरी शेजारचा उपाशी राहिला म्हणून तो फुकट गेला.

पुढे इ.स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या विचारवंताने रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले. ग्रंथवाचन, उपदेश, उभे राहून प्रार्थना, मग भाकर व द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोहोचवला जाई. ऐपतदार स्वेच्छेने जे देत, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची काळजी घेतली जाई. गैरहजर माणूसही मंडळीतलाच.

हा आदर्श नेहमी पाळला गेला का? नाही. आपल्याकडे दक्षिणेतल्या काही चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगवेगळे बसण्याची रीत शिरली होती. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद चालणार नाही असा आदेश काढला, तेव्हा तंजावर भागात कित्येकांनी चर्च सोडले. पण शेजारी बसायला तयार झाले नाहीत. करिंथची चूक अठराशे वर्षांनी पुन्हा झाली, एवढेच.

माणूस भाषेमुळेही बाहेर राहतो. प्रार्थना समजलीच नाही तर ऐकणारा 'आमेन' कशाला म्हणेल, असे पौलाने त्याच पत्रात विचारले आहे. तरीही कॅथलिक चर्चची मिस्सा अनेक शतके लॅटिनमध्येच चालत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे काम आधीच सुरू झाले होते. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वळणाची गीते रचली आणि गावच्या माणसाला आपल्या चालीत गाता येऊ लागले.

नाताळात एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याने बोलावले, तर जरूर जा. प्रभुभोजनाची भाकर सहसा बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. बाकी सगळ्यांबरोबर उठा, बसा, ऐका. आणि घरी आल्यावर आपल्याही भजनाकडे, पंगतीकडे, हळदीकुंकवाकडे एकदा पाहा. मराठी घरात आलेल्या कन्नड सुनेला, कन्नड घरात गेलेल्या मराठी लेकीला, पलीकडच्या गल्लीतल्या एकट्या आजींना तिथे जागा असते का? करिंथला पाठवलेले ते पत्र आपल्या पत्त्यावरही येऊ शकते.