मेड इन जपान, मेड इन वडसा

डीप पर्पलचा 'मेड इन जपान' ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा एकदा नवा होऊन आला. 'पुन्हा एकदा' म्हणायचं कारण असं की १९९३ साली तीन सीडींचा संच झाला, १९९८ साली पंचविशीचं रीमास्टर झालं, २०१४ साली आणखी एक झालं, आणि आता हा स्टीव्हन विल्सनने केलेला रीमिक्स. हापिसातल्या एका मित्राचं म्हणणं, हा सगळा पन्नाशीपुढच्या काकांचे खिसे हलके करायचा धंदा आहे. असेल बुवा. धंदा नाही असं कोण म्हणतंय? पण एकाच अल्बमचं पन्नास-बावन्न वर्षांनी पुन्हा काही करता येतं, ते का करता येतं, हा प्रश्न मला धंद्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर रीमास्टर म्हणजे तयार बायनरी घेऊन तिच्यावर रंगरंगोटी करणं. डावा-उजवा असे दोन ट्रॅक आधीच एकजीव झालेले असतात. त्यात आवाज वाढवा, खर्ज उचला, सुरसुर कमी करा, पण गिटारला हात लावायला गेलात की ऑर्गनलाही लागतो. (नव्वदीनंतरच्या कित्येक रीमास्टरांनी तर नुसता आवाजच वाढवून ठेवलाय. हळू भाग आणि जोरकस भाग यांतला फरकच मारून टाकायचा, म्हणजे सगळं सारखंच ओरडतं. त्यापेक्षा जुनी कॅसेट बरी.) रीमिक्स म्हणजे मात्र सोर्स कोड हातात असणं. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असतं, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून बिल्ड करता येतं.

आणि हा सोर्स कोड शिल्लक राहिला तो जवळजवळ योगायोगानेच. लाइव्ह अल्बम काढायची बँडला फारशी हौस नव्हती. जपानच्या रेकॉर्ड कंपनीला तो हवा होता, तोही फक्त जपानपुरता. बँडने अटी घातल्या : ध्वनिमुद्रण आमचा माणूस, म्हणजे मार्टिन बर्च करणार, आणि पसंत पडलं तरच ते बाहेर येणार. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. (आपल्याकडे स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव चालू होता तेव्हा!) तीन रात्री आठ ट्रॅकच्या मशीनवर टेप फिरली, त्यातून सात गाणी निवडून दोन तबकड्यांचा अल्बम झाला. उरलेलं बरंचसं रेकॉर्डिंग कपाटात गेलं आणि एकवीस वर्षांनी, १९९३ साली बाहेर आलं.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी एकच सांगतो. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'मध्ये इयन गिलन आणि रिची ब्लॅकमोर यांची गळा विरुद्ध गिटार अशी जी जुंपते, ती ऐकून मला दर वेळी ढोलकी आणि घुंगरांचा सवाल-जवाबच आठवतो. स्टुडिओत असलं काही होत नाही. समोर माणसं बसलेली असावी लागतात.

आता समोर माणसं बसण्याबद्दल. आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडे (आणि भंडारा-गोंदियाकडेही), धान कापून झालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट, आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमाराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गाणी आहेत, लावणी आहे, विनोद आहे आणि रडारडही आहे. पूर्वी ऑर्गन आणि तबला असायचा, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही असतो, पण वाजवणारे तिथे समोर बसून वाजवतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे, बुकिंग तिथे. पुण्यात नाटकाला माणसं येत नाहीत म्हणून चर्चासत्रं भरतात, आणि इकडे गावोगावी थंडीत शेकोट्या पेटवून माणसं रात्रभर बसलेली असतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात आकडे आले होते : पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या घरात भूमिका.

पाच हजार रात्री! आणि जालावर झाडीपट्टी शोधलं की हाती काय लागतं? बहुतेक वेळा प्रेक्षकांतून मोबाईलवर केलेलं चित्रीकरण. गाणं चढलं की आवाज फाटतो, गाणं संपलं की शेजारच्याचा खोकला. तीस वर्षांनी कुणाला याचं रीमास्टर करावंसं वाटलंच, तर तो करणार कशाचं?

हे मी आमच्या मामाला एकदा सांगून बघितलं. मामा म्हणाला, "कोन आयकते रे रेकार्डिंग? पुढच्या साली नाटक येतेच नं!"

मामाचा मुद्दा खोडणं सोपं नाही. नाटक जिवंत आहे म्हणूनच ते साठवावं असं कुणाला वाटत नाही. पण नाटक येतं म्हणजे तीच माणसं येतात असं नाही. गळे म्हातारे होतात, वाद्यं बदलतात, आणि ऑर्गनवाला एकदा गेला की कीबोर्डवाला येतो, ऑर्गन येत नाही. मार्च २०२० मध्ये तर हंगामच अर्ध्यावर तुटला होता.

दुसरी हरकत निर्मात्यांची असणार, आणि ती रास्त आहे. एकच नाटक हंगामभर गावोगावी फिरतं. त्याचं चांगलं रेकॉर्डिंग फुकटात फिरायला लागलं तर पुढचं गाव बुकिंग कशाला करेल? कबूल. पण रेकॉर्ड करणं आणि प्रसिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीप पर्पलची टेप एकवीस वर्षं कपाटात राहिलीच की. ताबा निर्मात्याकडेच ठेवा.

तिसरी हरकत आपल्या बिरादरीतली : "एआय आहे ना, वेगळं करेल सगळं." करतं खरं. बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'साठी २०२३ साली लेननचा आवाज जुन्या कॅसेटवरच्या पियानोपासून असाच सोडवून घेतला. पण त्या कॅसेटवर तो आवाज होता तरी! मोबाईलच्या माईकने जिथे वरचा भाग छाटून टाकलाय, तिथे मशीन जे भरतं तो त्याचा अंदाज. ऐकायला गोड लागेल, पण ती त्या रात्री गायलेली जागा नव्हे.

खर्चाचा हिशेब मी मांडून बघितला. आठ चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वा मेगाबाइटच्याही आत. तासाला सव्वाचार जीबी धरा. सहा तासांचं नाटक पंचवीस-सव्वीस जीबीत मावतं. म्हणजे ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये दोन रात्री! माईक तसेही लावलेले असतात, मिक्सर असतोच. हल्लीचे बरेच डिजिटल मिक्सर प्रत्येक चॅनेल वेगळा रेकॉर्ड करून देतात. लागतो तो एक माणूस, जो आठातले दोन माईक प्रेक्षकांकडे वळवेल आणि पहाटेपर्यंत जागा राहील.

आपल्यापैकी वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडचे बरेच जण दिवाळीला घरी जातातच, आणि त्यातल्या निम्म्यांकडे हौसेने घेतलेला ऑडिओ इंटरफेस धूळ खात पडलेला असतो. तो बॅगेत टाका. निर्मात्याला आधी विचारा, कॉपी त्याच्या हातात द्या, आणि ऑर्गन असलाच तर त्याला स्वतंत्र चॅनेल ठेवा.