आधी घर दाखवा

यंदा आमच्या अंकासाठी आलेल्या कथांच्या गठ्ठ्यात भोंदू बाबांचं अमाप पीक होतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या बालपणाबद्दल. कुणाला बापाने बडवलेलं, कुणाला आईने टाकलेलं. शेवटच्या पानावर बाबा ढसाढसा रडतो आणि लेखक त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. वर्षभर हे वाचून डोकं उठलं आहे.



भोंदूला बालपण लागतंच असं नाही. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६४ मध्ये धर्माचं ढोंग करणाऱ्या भोंदूवरचं ‘तार्त्युफ’ हे नाटक राजा चौदाव्या लुईसमोर केलं. धर्माभिमानी खवळले, राजाने जाहीर प्रयोगांना बंदी घातली. १६६७ मध्ये नाव बदलून आणलं, तर एकाच प्रयोगानंतर पडदा पडला. परवानगी मिळाली १६६९ मध्ये. या तार्त्युफला बालपण नाही. तो दुसऱ्या नावाने वावरलेला जुना गुन्हेगार आहे एवढंच शेवटी कळतं. तो येतो थेट तिसऱ्या अंकात. मोलकरीण दिसताच तो नोकराला मोठ्याने बजावतो की माझा देहदंडाचा चाबूक नीट ठेव. मग छाती झाकायला तिला रुमाल देतो आणि पुढच्याच प्रवेशात यजमानीणबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवतो.

आणि आधीचे दोन अंक? त्यांत मोलिएर घर दाखवतो. घराचा मालक ऑर्गाँ बाहेरगावाहून परततो. बायको तापाने फणफणली होती असं मोलकरीण सांगते आहे, आणि हा दर वेळी तार्त्युफचीच चौकशी करतो. पुढे तो मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघतो, मुलाला हाकलतो, घरदार तार्त्युफ महाराजांच्या नावावर करतो. मोलिएर स्वतः ही ऑर्गाँची भूमिका करत असे, खलनायकाची नव्हे.

आपण मात्र खलनायकावरच खिळतो. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ नाटकात ठकसेन लखोबा लोखंडे राधेश्याम महाराजही होतो. १९६२ पासून टाळ्या पडल्या त्या ती भूमिका करणाऱ्या पणशीकरांच्या वेषांतरांना. कोर्टात साक्षीला उभी राहिलेली फसलेली माणसं किती जणांना आठवतात? ‘घाशीराम कोतवाल’मध्ये देवाधर्माचं निमित्त सांगून कलावंतिणींच्या बावनखणीकडे निघालेली ब्राह्मण मंडळी आहेत. १९७२ मध्ये आलेलं ते नाटक १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं. भांडण झालं ते नाना फडणवीसांच्या आणि ब्राह्मणांच्या बदनामीवरून. अब्रू कुणाची गेली याचा हिशेब चोख झाला; स्वतःची मुलगी नानांच्या हवाली करून कोतवाली घेणारा बाप घाशीराम त्या गदारोळात मागे पडला.

पुन्हा ‘तार्त्युफ’मधल्या घराकडे येऊ. ऑर्गाँचं डोकं ठिकाणावर आणायला बायको त्याला टेबलाखाली लपवते. तिथून तो तार्त्युफची तिच्याशी लगट ऐकतो, तेव्हा कुठे त्याला पटतं. पण त्याच्या आईला पटत नाही. पोटचा मुलगा सांगतो आहे की मी स्वतः पाहिलं, तरी म्हातारी महाराजांचीच बाजू घेते. घर रिकामं करण्याचा हुकूम घेऊन बेलीफ दारात येतो, तेव्हा तिची वाचा बसते.

ही म्हातारी मला एकाही कथेत भेटली नाही. पुढच्या वर्षी बाबाचं बालपण पाठवू नका. त्याला पहिला पाट मांडून देणाऱ्या घराची गोष्ट पाठवा. मुदत ३१ जुलै.