शेवटचा निर्णय कुणाचा?

अठरा पूर्ण झाले की मतदार यादीत नाव, गाडीचं लायसन्स, सगळं आठवणीनं करतो आपण. त्याच वयात आणखी एक हक्क मिळतो, पण कॉलेजच्या कट्ट्यावर त्याचा विषयही निघत नाही. तो म्हणजे ‘लिव्हिंग विल’, उपचारांबद्दलचं इच्छापत्र.

‘ही म्हाताऱ्यांची कामं’ वाटत असेल, तर अरुणा शानबाग आठवा. केईएममधल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, तेव्हा त्या फक्त २५ वर्षांच्या होत्या. पुढची ४१ वर्षं अंथरुणातच गेली. २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची सुटका व्हावी म्हणून पिंकी विराणी कोर्टात गेल्या. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतो. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं विराणींची मागणी फेटाळली, पण कडक अटींवर निष्क्रिय इच्छामरणाला वाट करून दिली. माया दोन्हीकडे होती. अरुणांना काय हवं होतं, हे मात्र कुणालाच विचारता आलं नाही.

ही अडचण सुटावी म्हणूनच कोर्टानं २०१८ मध्ये इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. बरं होण्याची आशा नसेल आणि आपण स्वतः निर्णय घेऊ शकत नसू, तेव्हाच ते लागू होतं. तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. मन बदललं तर ते रद्द करता येतं. इंजेक्शन देऊन जीव संपवणं आजही गुन्हाच आहे.

गैरवापराची भीती खोटी नाही. आमच्या कबनूर-इचलकरंजीत मागावर चालणाऱ्या घराला आयसीयूचं बिल मोडून टाकतं. ‘आजी, इथं अंगठा लाव’ म्हणणारेही निघतील. पण म्हणून हक्कच नको, हे उत्तर नव्हे. व्हेंटिलेटर म्हणजे काय, तो काढला तर काय होतं, वेदना कमी करणारे उपचार कोणते, हे डॉक्टरांनी आजीला तिच्या भाषेत सांगायला हवं. न समजता केलेली सही म्हणजे निर्णय नव्हे.

कागद लगेच करा असं नाही. पण या रविवारी जेवताना घरात विषय तर काढा. ‘अभद्र बोलू नकोस’ असं आई म्हणेलच. तरी विचारा. आयसीयूच्या दारात घाईघाईत ठरवण्यापेक्षा ते बरं.